आईच्या पट्टीला लावलेला बेस

आमच्या बँडमध्ये बेस गिटार मी वाजवते. मुरबाडच्या लोकांना आता त्याची सवय झाली आहे, पण सुरुवातीला बायका मुद्दाम स्टेजजवळ येऊन बघून जायच्या. साडी नेसलेली, मंगळसूत्र घातलेली बाई आणि गळ्यात हे एवढं धूड! एकीने तर विचारलंही होतं, "ताई, खरंच वाजतंय का नुसतंच धरलंय?"

बँड माझ्या नवऱ्याचा. तो दिवसा एमआयडीसीत कंपनीत असतो आणि लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो. आमचा आधीचा बेसवाला भिवंडीला गोदामात कामाला लागला आणि यायचा बंद झाला. त्याचा बेस आमच्याच घरी पलंगामागे पडून होता. दर रविवारी बाहेरच्या खोलीत प्रॅक्टिस चालायची आणि मी आत भाकऱ्या थापत ऐकत असायची, त्यामुळे कुठल्या गाण्यात खालून काय वाजतं ते मला पाठ होतं. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी तो उचलला. बोटं सोलून निघाली. पंधरा दिवसांनी नवऱ्याने दारातून ऐकलं आणि चपला न काढताच आत आला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच की. भिंतीपलीकडून."

माझी बोटं मानेवरच्या लांबच्या पडद्यांपर्यंत पोचत नव्हती, म्हणून त्याने कल्याणहून आखूड मानेचा जुना बेस शोधून आणला. रुंद पट्टा मी स्वतः शिवून घेतला, खांद्याला कापसाची गादी लावून. तेव्हापासून ती जागा माझी.

माझं माहेर धसईचं. आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारी ती धवलारीण. आईला ही सगळी गाणी तोंडपाठ. कागद नाही, पेटी नाही. मागे ओळ उचलायला एखादी बाई असली तर असली. आजूबाजूच्या गावांतली कितीतरी लग्नं तिने लावली आहेत. मी तिच्यामागे बसून शिकावं असं तिला फार वाटायचं. शब्द मला यायचे, पण चार माणसांत आवाज फुटायचा नाही. आई म्हणायची, "तुझा आवाज पोटातच राहतो गो." पुढे मी बेस घेतला तेव्हा तिने चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. एकदाच म्हणाली, "ते लोखंड गळ्यात घेतलंस, धवला नाय घेतलास."

मग धसईतच ते लग्न आलं. मांडवात आई हळदीचा धवला म्हणत होती आणि पलीकडे आमचा बँड लागलेला. घरातल्यांनी खूण केली, आम्ही सुरू केलं. माझ्या गुडघ्यापाशी बेसचा स्पीकर धडधडत होता, पाठीमागे ऑक्टोपॅडचे ठोके. आई अजून गातेय हे मला कळलंच नाही. दोन गाणी झाल्यावर मान वर केली, तर आई हातातले तांदूळ सुपात परत ठेवत होती. ती उठली, पदर सारखा केला आणि एकटीच घराकडे चालू लागली. हळद तशीच उरकली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले.

"आई, मला ऐकू आलं नाही. खरंच नाही आलं."

ती भात पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "ऐकू येत नाय तर कान कशाला ठेवलेत?"

एवढंच. पण ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते खरं होतं. कार्यक्रम संपला की माझ्या कानात दोन-दोन दिवस शिट्टी वाजत राहायची. आपण काय वाजवतोय हे मला छातीत कळायचं, कानात नाही. गाणारा वर गेला की खाली राहिला ते अंदाजाने धरायचं.

नवऱ्याला मी सांगितलं, मला इन-इअर हवंय. कानात घट्ट बसणारे ते लहान स्पीकर आणि कमरेला एक डबी. मिक्सरमधून ज्याचा आवाज हवा तो आणि हवा तेवढाच कानात सोडायचा. बाहेरचा गोंगाट कानाबाहेर राहतो. पुढच्या हंगामात मी, नवरा, गाणारा आणि ऑक्टोपॅडवाला अशा आम्ही चौघांनीही ते घेतलं. माझा गुडघ्याजवळचा स्पीकर गेला, बेसची वायर एका छोट्या खोक्यातून सरळ मिक्सरला जाऊ लागली. पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा मी घाबरलेच. माझं नख तारेला लागतं तेही ऐकू येत होतं आणि माझ्या सगळ्या चुकासुद्धा. दोन महिने मी नुसती चुका दुरुस्त करत होते. त्यानंतर मात्र आमचा बँड बदलला. लोक म्हणायला लागले, यांचं ऐकायला बरं वाटतं, छातीवर बसत नाही.

अशात वैशाखऱ्याची एक बाई आमच्या घरी आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. म्हणाली, "बँड तुमचा पायजे. पण धवला तुमच्या आईचाच पायजे. माझ्या लग्नात त्यांनीच म्हटलावता."

आईचं उत्तर मला माहीत होतं. तरी गेले. ती म्हणाली, "जिथं तुमचा बँड, तिथं मी नाय."

"तू गाताना बँड नाही वाजणार. फक्त मी वाजवीन, तुझ्या खालून. आणि तुझा आवाज माझ्या कानात असेल. दुसरं काहीच नसेल."

"म्हणजे कसं?"

मी पिशवीतून सगळं बाहेर काढलं. ओटीवर लहान मिक्सर मांडला, तिच्या पदराला आतून कॉलर माईक लावला, माझ्या कानात इन-इअर घातलं. "म्हण कायपण," मी म्हटलं. तिने माईकला एकदा बोट लावून पाहिलं. मग हळूच मांडवाचा धवला सुरू केला.

जन्मापासून तो आवाज मी ऐकत आले होते. पण त्या दिवशी तिचा श्वास ऐकला. ओळ संपायच्या थोडं आधीच ती श्वास चोरून घेते, म्हणून ओळ कधी तुटत नाही. एका शब्दावर आवाज किंचित थरथरतो आणि तिथेच ती जोर लावते. हे सगळं मांडवाच्या कलकलाटात कुणाला कधी ऐकू गेलं असेल? मी वाजवायचं सोडून नुसती बसून राहिले. तिने मध्येच थांबून विचारलं, "काय झालं गो? बिघडलं का ते?"

"नाही. तू म्हण."

वाजवायला लागले तेव्हा वेगळीच अडचण आली. आईची पट्टी पेटीच्या दोन सुरांच्या बरोबर मधली. खालचा सूर दिला तर बेस उतरलेला वाटे, वरचा दिला तर चढलेला. तिला मी म्हटलं असतं, थोडं वर घे, तर तिने ऐकलं नसतं आणि ते बरोबरच होतं. मी चारही तारा सैल केल्या आणि तिच्या आवाजाला लावल्या. सूर जुळवायच्या ट्यूनरवर काटा मधेच कुठेतरी उभा होता. तो मी बंदच करून टाकला. शिवाय कडव्यागणिक ती हळूहळू वर सरकते, हेही लक्षात आलं. म्हणून वाजवताना जाड तार जरा ओढून तिच्याबरोबर सरकायचं मी शिकले. महिनाभर दर रविवारी मी धसईला जात होते. चौथ्या रविवारी मी पोचायच्या आधीच आईने चटई अंथरून ठेवली होती.

वैशाखऱ्याला मांडवाच्या दिवशी सकाळी पोचलो. आंब्याचे टहाळे बांधून झाले होते, बायका जमल्या होत्या. नवऱ्याने मिक्सर सांभाळला, बाकी दोघे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड झाकून बाजूला बसले. मी मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसले, आईपासून चार हातांवर. आईने सुपातले तांदूळ उचलले आणि पहिली ओळ म्हटली.

तिच्या पहिल्या ओळीला मी वाजवलं नाही. दुसरीला एकच सूर दिला, अगदी हळू. आईची पाठ माझ्याकडे होती. खांदे जरा सैल झाल्यासारखे वाटले. तिसऱ्या ओळीला तिने आवाज मोकळा सोडला. धसईत भांडणाऱ्या माणसाला ओरडते तेव्हाच निघतो, तो तिचा खरा आवाज. मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पुरुष मंडळी चुलाणापासून उठून जवळ आली. मी डोळे मिटले होते. कानात फक्त ती, बोटांखाली तिची पट्टी.

दुपारी हळदीच्या धवल्याच्या मध्यावर लाईट गेली. माझ्या कानात एकदम सामसूम. इन-इअर घट्ट बसलेलं, त्यामुळे बाहेरचंही काही येईना. मी एका कानातलं ओढून काढलं. आई गातच होती, तिला माईकशी देणंघेणं नव्हतं. पण कडवं संपवून ती वळली आणि सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसली, "थांबलीस का गो? वाजव ना!"

"लाईट गेली आई!"

"मग लाईट आणा कुणीतरी! मला आवाजाखाली रिकामं वाटतं."

मांडव हसला. मला हसू आलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की ती मला चालवून घेतेय. नवरा धावत जनरेटरकडे गेला. तोपर्यंत आई थांबली नाही. जनरेटर लागला, मिक्सरचे दिवे आले, कानात ती पुन्हा आली तेव्हा पट्टी चांगलीच चढलेली होती. मी एका बोटाने चाचपलं, तार ओढली, पकडलं. आईने वळून पाहिलं नाही, नुसती मान हलवली आणि पुढचं कडवं घेतलं.

विधी झाल्यावर नवरीच्या आईने माझ्या आईची ओटी भरली, साडी दिली. मग कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडे आली आणि मलाही पाटावर बसवलं. "धवला दोघींनी म्हटला," ती म्हणाली. बाजूला टेकवून ठेवलेल्या बेसला तिने हळदकुंकू लावलं. मी ते बरेच दिवस पुसलं नाही.

संध्याकाळी बँडही वाजला आणि लोक मनासारखे नाचले, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लावून परत निघालो, तेव्हा टेम्पो टोकावड्याला चहाला थांबवला. आम्ही सामानाचे दोर तपासत होतो. आई ढाब्याच्या बाकावर बसली होती. चहा देणाऱ्या बाईने तिला विचारलं, "आजी, बँडवाल्यांबरोबर कुठं चाललाव?"

"मी बँडवाल्यांबरोबर नाय," आई म्हणाली. "वैशाखऱ्याला लग्न लावून आलो आमी. मी आन माझी लेक." आणि माझ्याकडे बोट करून तिने माझ्यासाठी दूध जास्त घातलेला चहा सांगितला.