हार्लन मिल्स नावाचं स्थळ

अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावात मराठी घरांत काही घ्यायचं झालं की आधी श्रीराम आठल्येला फोन जातो. गाडीचे टायर, डेंटिस्ट, छपराचं काम करणारा माणूस, मुलांचा बुद्धिबळाचा क्लास, काहीही असो, श्रीरामने त्याची चौकशी आधीच करून ठेवलेली असते. लोक ऐकतात, आभार मानतात आणि घेऊन मोकळे होतात. स्वतः श्रीराम मात्र सहसा काहीच घेत नाही, कारण त्याची चौकशी अजून संपलेली नसते. आठल्यांचा डिशवॉशर बिघडला तेव्हा नवा कुठला घ्यावा हे ठरायला आठ महिने लागले. तेवढे महिने भांडी कोण घासत होतं? मी विचारलं होतं. तर म्हणाला, "सुलेखाला त्याचं काही वाटत नाही गं."

सुलेखा त्याची बायको आणि माझी मैत्रीण. मी नंदा. त्यांच्यापासून दोन घरं पलीकडे गेली अठरा वर्षं राहते, तेव्हा श्रीरामवर रागावायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. मूळचा सांगलीचा. कडाक्याच्या थंडीत कुणाची गाडी सुरू होईना की बॅटरीला जोडायची केबल घेऊन पहिला तोच हजर. कुणाचे आईवडील भारतातून यायचे असले की विमानतळावर जायला तोच तयार. फक्त स्वतःचं काही ठरवायचं झालं की तो कागद-पेन काढतो, आणि एकदा कागद-पेन निघालं की ठरवायचं राहून जातं.

सुलेखा नागपूरची, मायक्रोबायोलॉजीतली एमएस्सी. नवऱ्यामागून इथे आली तेव्हा नऊ वर्षं तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड हातात आलं तोवर पदवी शिळी झालेली. पुन्हा शिकली, परीक्षा दिली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. तिथे ती तेविसांतली एक. यंदा एप्रिलमध्ये तिला हार्लन मिल्स नावाच्या गावाहून पत्र आलं. इथून पश्चिमेला तीन तास, वस्ती चार हजार आठशे, गावाला एक लहानसं हॉस्पिटल आणि त्यात तीन माणसांची लॅब. त्या लॅबची प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. उत्तर द्यायला दहा दिवस.

"लॅब माझी असेल, नंदा," ती मला म्हणाली. अठरा वर्षांत ती कुठल्या गोष्टीला 'माझी' म्हणाल्याचं मला आठवत नाही. मला एकदम भरून आलं.

श्रीरामला खरं तर अडायला कारण नव्हतं. त्याचं काम घरूनच चालतं. लॅपटॉप इथे उघडला काय आणि हार्लन मिल्समध्ये उघडला काय, कंपनीला फरक पडत नाही. मुलगी अनिका शिकागोत नोकरी करते. त्यामुळे अडण्यासाठी काहीतरी शोधून काढावं लागणार होतं. तो शोधायला बसला.

पहिल्या दोन दिवसांत त्याने तिथल्या फायर स्टेशनला फोन करून बंब किती मिनिटांत पोहोचतो ते विचारलं. हार्डवेअरच्या दुकानाला फोन करून गावातल्या बेसमेंटांत पाणी येतं का ते विचारलं. गुरांच्या डॉक्टरला फोन केला. यांच्याकडे कुत्रासुद्धा नाही, पण पुढेमागे घेतला तर! शाळेच्या ऑफिसकडून गणिताच्या शिक्षकांची माहिती काढली. अनिका सव्वीस वर्षांची आहे.

आपल्याकडे स्थळाची चौकशी करायची एक रीत आहे. मुलाच्या शेजाऱ्याला विचारायचं, त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी गाठायचं, लांबून ओळख काढून त्याच्या वाण्यालाही बोलतं करायचं. ज्यांचं लग्न त्यांना सोडून सगळ्यांना विचारून झालं की चौकशी पक्की झाली. श्रीरामने हीच रीत मिनेसोटातल्या गावाला लावली. चौथ्या दिवशी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज पडला: "हार्लन मिल्समध्ये आपलं कुणी आहे का?"

होतं. केदार आणि राधिका, नाशिकचं तिशीतलं जोडपं. केदार तिथल्या धान्य वाळवायच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर. गावात मराठी घर हे एकच. श्रीरामने त्याला फोन लावला आणि केदार चाळीस मिनिटं बोलत होता. तळं काय सुंदर, माणसं काय प्रेमळ, ट्रॅफिक नाही, सकाळी सहाच्या आत रस्त्यावरचा बर्फ साफ.

फोन ठेवून श्रीराम गंभीरपणे म्हणाला, "काहीतरी लपवतायत."

"कशावरून?" मी विचारलं.

"एकही वाईट गोष्ट सांगितली नाही. चांगल्या स्थळाचे लोक एवढं बोलत नाहीत. प्रत्यक्ष जाऊन बघायला हवं."

तोवर शुक्रवार उजाडला होता आणि उत्तराची मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मला सुलेखाने ओढलं. "तू चल," ती म्हणाली, "गाडीत माझ्याशी बोलायला कुणीतरी पाहिजे."

दोन्ही बाजूंना नुकती बर्फातून सुटलेली काळीभोर शेतं, मधून सरळ रस्ता. मोबाइलची रेंज कुठे जाते ते श्रीराम मला लिहून ठेवायला लावत होता. सुलेखा खिडकीबाहेर बघत होती. गाव आलं ते असं: पाण्याची टाकी, धान्याची उंच कोठारं, एक मुख्य रस्ता आणि त्यावर एकच सिग्नल. श्रीरामने गाडी सरळ हार्डवेअरच्या दुकानापुढे लावली. फोनवर ऐकलेलं समोरासमोर पडताळून बघायचं होतं.

काउंटरवर सत्तरीच्या एक बाई होत्या. श्रीरामने तोंड उघडलं मात्र, त्यांनी चष्मा वर केला. "बेसमेंटवाले तुम्हीच ना?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "फायर स्टेशनलाही तुमचाच फोन होता. आणि ते कुत्र्याचं कोण विचारत होतं? घेतलात का मग?"

श्रीराम म्हणाला, "अजून नाही."

बाई सुलेखाकडे वळल्या. "म्हणजे लॅबच्या नव्या बाई तुम्ही. कधी येताय? माझा नवरा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो. लॅबला प्रमुख नाही म्हणून ही तपासणी इथे बंद आहे; दर आठवड्याला त्याचं रक्त साठ मैलांवर जातं, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस मी त्याला शिडीवर चढू देत नाही."

सुलेखाने विचारलं, गोळी कुठली, किती दिवसांपासून, मागचा रिपोर्ट काय होता. वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या. बाईंनी ड्रॉवरमधून नवऱ्याचे सगळे कागद काढले. सुलेखा काउंटरवर वाकून ते वाचत होती, आणि इतकी सरळ, इतकी ठाम बोलत होती की मी दुसऱ्याच कुणाकडे बघतेय असं मला वाटलं. श्रीराम तोवर बाहेर उभा होता. आम्ही गाडीत बसलो तेव्हा म्हणाला, "लिही नंदा. गावात प्रायव्हसी नाही."

केदारच्या घरी आमचं स्वागत असं झालं की मला संकोच वाटला. राधिका साडी नेसली होती. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. तो नारळ आणायला हे लोक किती लांब गेले असतील कोण जाणे. श्रीरामने बशी हातात घेतली आणि बत्तीस प्रश्नांचा कागद मांडीवर. केदार शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखा पटापट उत्तरं देत होता. मध्येच श्रीरामने विचारलं, "तुमच्याकडे शेवटचे मराठी पाहुणे कधी आले होते?"

"मागच्या दिवाळीत," केदार म्हणाला. मग थांबला. "नाही काका. त्याच्या मागच्या."

"अस्सं!" म्हणून श्रीरामने कागदावर काहीतरी ठळक लिहिलं आणि बेसमेंट बघायचं आहे म्हणाला. केदार त्याला खाली घेऊन गेला. आम्ही तिघी स्वयंपाकघरात चहाचं बघायला गेलो.

राधिका गॅसकडे तोंड करून बोलायला लागली. "काकू, केदार खोटं नाही बोलला. पण सगळं सांगितलंही नाही त्याने. जानेवारीत ना, कधीकधी पूर्ण वीक त्याच्याशिवाय मी कुणाशी मराठीत बोलत नाही. इथले लोक चांगलेच आहेत, पण... तुमचा फोन आला त्या दिवशी आम्ही केक कापला. म्हणून तो जरा जास्त बोलला. सॉरी."

"सॉरी काय त्यात," सुलेखा म्हणाली. "कुणाशी न बोलता राहायची मला नऊ वर्षांची सवय आहे, राधिका. इथे निदान दिवसभर काम असेल." तिने पर्समधून फोन काढला. "तुझा वायफायचा पासवर्ड काय गं?"

दोन ओळींचा ईमेल होता. तिने एकदा वाचला आणि पाठवून दिला. "झालं," ती म्हणाली.

राधिकाने तिला मिठीच मारली. मग डोळे पुसत तिने जपून विचारलं, "आणि काकू, काकासुद्धा... लगेच येणार?" तिच्या आवाजात काळजी होती, पण ती काकांसाठी नव्हती. जिन्यावरून श्रीरामचा आवाज येत होता. तो तेव्हा भिंतीतल्या ओलीबद्दल विचारत होता.

परतीच्या वाटेवर तो दीड तास बोलला. बत्तीसपैकी सोळा बाजूने, सोळा विरुद्ध. अजून तीन-चार लोकांशी बोलावं लागेल, विशेषतः तिथून सोडून गेलेल्यांशी. "सोमवारपर्यंत डिफिकल्ट आहे," तो म्हणाला. "सुलेखा, तू दोन आठवड्यांचं एक्स्टेन्शन माग."

"मी हो कळवलंय," सुलेखा म्हणाली.

"कधी?"

"तू बेसमेंटमध्ये होतास तेव्हा."

गाडी आपली चालली होती. त्याने विचारलं, "आणि मी?"

"तुझं अजून ठरलं नाही ना," ती अगदी शांतपणे म्हणाली. "तू सावकाश ठरव."

मागच्या सीटवर मला हसू आवरेना. अठरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. ते हसू घरापर्यंत पुरलं.

मे महिन्यापासून सुलेखा हार्लन मिल्सला आहे. भाड्याचं घर हॉस्पिटलपासून चालत सहा मिनिटांवर. श्रीराम शुक्रवारी संध्याकाळी तिकडे जातो आणि रविवारी परत येतो. बत्तीस प्रश्नांचे आता एकावन्न झालेत, हे त्यानेच मला अभिमानाने सांगितलं. मंडळात कुणी विचारलं की म्हणतो, "लुकिंग इन्टू इट."

गेल्या बुधवारी संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"नंदा, तुझं सुलेखाशी बोलणं होतं ना?"

"रोज होतं."

"ती तिथे... खूष आहे का गं?"

"दर शनिवार-रविवार तू तिच्याच घरी असतोस, श्रीराम!"

"हो, पण तुला ती खरं सांगेल. मी केदारला विचारलं. तो म्हणतो, काकू एकदम मजेत आहेत. हार्डवेअरवाल्या बाईंनाही विचारलं. त्याही तेच म्हणतात."

मी चिडले. इतकी वर्षं साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. "आणि तिला? तिला विचारलंस एकदा तरी?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"ती हो म्हणाली तर?"