लाल चिलखत

मी बहारीनला, मनामातल्या एका बँकेत ऑडिटला आहे. संशय घेण्याचा मला पगार मिळतो, आणि नवऱ्याच्या मते तेच काम मी घरी फुकटात करते. म्हणू दे. सरळ माणसाला संशयाचा त्रास होत नाही, असं माझं ठाम मत होतं.

तो इंजिनिअर. आमचा फ्लॅट रिफात. सकाळी दोघं आपापले डबे घेऊन खाली उतरायचो. तो त्याच्या गाडीने साइटवर, मी ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीच्या गाडीतून बँकेत. संध्याकाळी टीव्ही माझा. शुक्रवारी मात्र त्याचा, कारण त्या दिवशी तो शिकारीला जायचा. म्हणजे व्हिडिओ गेममध्ये. पंखवाले, शिंगवाले, आग ओकणारे अवाढव्य प्राणी, आणि त्यांच्यामागे स्वतःहून मोठी तलवार घेऊन धावणारा ह्याचा शिकारी. मी शेजारी मेथी निवडत बघायचे. त्यातली एक गोष्ट मला पटायची. चांगलं चिलखत तिथे नुसते पैसे टाकून मिळत नाही. ज्या प्राण्याचं हवं त्याला पुन्हा पुन्हा मारायचं, मिळतील तशी खवली नि शिंगं साठवायची, मग लोहाराकडून करून घ्यायचं. नुसत्या शिरस्त्राणापुरतं जमलं तरी तो शुक्रवार कारणी लागायचा.

एका शुक्रवारी त्याने गेम लावला आणि शिकारी नखशिखांत लाल. मागच्याच शुक्रवारी हा गडी मळकट हाडांच्या चिलखतात होता. त्या लाल प्राण्याने त्याला उचलून आपटलं होतं आणि नवरा चिडून चहा करायला उठला होता. मधल्या सगळ्या संध्याकाळी टीव्ही माझ्याकडे. मग एवढी शिकार केली कधी?

पाल चुकचुकली. पण ऑडिटवाली पहिल्याच पुराव्याला तोंड उघडत नाही. मी मेथी निवडत राहिले.

मग बाकीचंही दिसायला लागलं. बुटांवर साइटची धूळ नव्हती. डबा घासून येत होता. लग्न झाल्यापासून या माणसाने डब्याचं झाकणसुद्धा धड सिंकमध्ये ठेवलेलं नाही. सकाळी गाडीत मैत्रिणीला सांगितलं, तर तिने स्टिअरिंगवर हातच मारला.

"डबा घासून आणतो? नवरा? मफी, शक्यच नाही! कोण तरी बाई घासते गो. वॉच ठेव."

माझ्या मनात तेच होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणजे हा दिवसा घरी येतो, तिला घेऊन येतो, माझ्या हातची भाजी दोघं खातात, ती डबा घासते आणि हा तिला शिकार करून दाखवतो. माझ्याच सोफ्यावर! संताप संताप झाला.

त्याच दुपारी साहेबांना काहीतरी थाप मारली आणि टॅक्सीने निघाले. बिल्डिंगखाली त्याची गाडी उभीच होती. लिफ्टमध्ये मी काय काय बोलायचं ते जुळवलं आणि आवाज न करता किल्ली फिरवली.

सोफ्यावर तो पाठमोरा बसला होता, कानाला हेडफोन. मी आधी बेडरूम बघितली. बाथरूम बघितलं. बाल्कनीसुद्धा बघितली. कोणी नव्हतं. मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सकाळचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात कंट्रोलर. त्याने हळूच हेडफोन काढले.

"प्रोजेक्ट खलास झाला गं," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच काढलं. नोटीस संपेपर्यंत व्हिसा आहे."

"आणि रोज सकाळी निघून जातोस कुठे?"

"मुहर्रकपर्यंत चक्कर मारतो. ओळखीच्यांना सीव्ही देऊन येतो. मग घरीच असतो. इथे निदान रोज काहीतरी हाताला लागतं."

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने खाली बघितलं. "तू विचारत बसली असतीस. कधी, का, तुम्हालाच का, आधी कसं कळलं नाही. ऑफिसात तेच चाललं होतं. घरी परत नको वाटलं."

नोकरी गेली, आता इथलं घर मोडावं लागेल का, ही भीती होतीच. तरी त्याहून जास्त ते शेवटचं वाक्य लागलं. जिभेवर आलेले प्रश्न मी तसेच गिळले.

"पण तू आज एवढी लवकर कशी?" तो म्हणाला.

"डोकं दुखत होतं," मी सांगितलं.

"अगं, मग आधी बोलायचंस ना! बस इथे."

कंट्रोलर टाकून तो उठला. मागे टीव्हीवर तो प्राणी त्याच्या शिकाऱ्याला तुडवत होता, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. कधीपासून, कशाने, कुणाबरोबर आलीस, काही काही न विचारता तो आतल्या कपाटात बाम शोधायला लागला.