कापूस वेचणाऱ्यांची बाग

बाभुळगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. वस्तीच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी एक पडीक तुकडा होता. गावात कुणाचं ढोर मेलं की आमच्या माणसांनी ते ओढत तिथं न्यायचं, सोलायचं आणि उरलेलं घारी-कुत्र्यांसाठी टाकून द्यायचं. तिथून जाताना गावातले लोक नाकाला पदर नाहीतर उपरणं लावत. आम्ही लावत नव्हतो. आमची घरंच त्या वाऱ्यावर होती.

छप्पन साली आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर चौकात बसून त्यांनी पहिली गोष्ट ठरवली ती ही, की आजपासून मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावाला निरोप गेला. गावानंही उलट निरोप धाडला, की मग आमच्या वावरात पाय ठेवू नका.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. यवतमाळला नॉर्मल शाळेत मास्तरकीचं शिक्षण घेऊन शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते आणि आत्याजवळ राहत होते. आत्या विधवा होती. कापूस वेचणाऱ्या बायकांची ती म्होरकी. गावानं काम बंद केल्यावर ती रडली नाही की कुणाच्या पायरीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा बायका घेऊन ती चार मैलांवरच्या दुसऱ्या गावी वेचणीला निघाली. रोज चार मैल जायचं आणि चार मैल यायचं.

शाळेत येणारं वर्तमानपत्र हेडमास्तर वाचून झाल्यावर मला घरी नेऊ देत. दिवेलागणीच्या आधी मी ते ओट्यावर मोठ्यानं वाचायची, बायका पाय चोळत ऐकायच्या. एके दिवशी आतल्या पानावर एक लहानशी बातमी होती. अमेरिकेतल्या एका शहरात बसमध्ये गोरा माणूस आला की काळ्या माणसाला जागेवरून उठवत. तिथल्या काळ्या लोकांनी बसमध्ये बसणंच सोडलं. वर्षाच्या वर ते पायी चालले. त्यांच्या घरांवर बॉम्ब टाकले, तरी त्यांनी हात उगारला नाही. शेवटी कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

"किती दिस चालले म्हन्लं?" आत्यानं विचारलं.

"वर्षाच्या वर."

"आन आपल्याले तं दोनच महिने झाले!" ती हसली, सगळ्या बायका हसल्या. मग म्हणाली, "काम काय करतेत ते लोक?"

नॉर्मल शाळेत वाचलेलं मी सांगितलं. त्यांच्या आज्या-पणज्यांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलं, बाजारात विकलं आणि कापसाच्या शेतात जुंपलं.

"कापसाच्या?"

"हो. पिढ्यान् पिढ्या त्यांनी दुसऱ्याचा कापूस वेचला."

आत्यानं आपली बोटं पाहिली. बोंडांच्या टोकांनी ती फाटलेली होती. "मंग ते दूरचे कसे झाले वं?" ती म्हणाली.

इकडे गावातली पऱ्हाटी फुटून फुटून कापूस मातीत गळू लागला. सगळ्यात मोठं वावर पाटलांचं. एका सकाळी ते स्वतः वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. असं आधी कधी घडलं नव्हतं.

"वेचाले या बाप्पा आता," ते म्हणाले. "किती दिस तानता?"

आत्या कुडाला टेकून उभी होती. "येतो. कापूस वेचतो, तूर कापतो, जे शेताचं काम असन ते करतो. पन मेलेलं ढोर तुमचं तुमी पाहा."

पाटलांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "पाहू," म्हणाले आणि वळले. त्या 'पाहू'चा अर्थ 'कबूल' असा होता, हे आम्हाला बरोबर समजलं. दुसऱ्या दिवशी बायका गावच्या वावरात वेचणीला गेल्या. मी शाळेत जाताना त्यांना पाहिलं. त्या ताठ चालत होत्या.

पण नाल्याकाठचा तो तुकडा तसाच पडून होता. वस्तीत एक म्हातारबा होते. उभा जन्म त्यांनी ढोरं ओढली होती. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "पोरी, ती जागा मोकयी ठेवली तं गाव उद्या पुन्हा तेच करन. तिथं झाडं लावू. बाग करू."

उन्हाळ्यात आम्ही खड्डे खणायला घेतले. हातभर खणलं की हाडं लागत. जबडे, फासळ्या, शिंगं. म्हातारबा प्रत्येक मोठं हाड हातात घेऊन पाहत. एक शिंग त्यांनी ओळखलं. "हे पाटलाच्या मुऱ्हा म्हशीचं. माह्या बायकोच्या बाळंतपनाच्या दिवशी हिले ओढली. घरी आलो तं लेकरू गेलतं." ते एवढंच बोलले. मग शिंग त्यांनी खड्ड्याच्या तळाशी नीट ठेवलं आणि वर माती लोटली. "झाडाले हाडाचं खत चांगलं असते," म्हणाले. आम्ही सगळी हाडं तशीच खड्ड्यांच्या तळाशी पुरली.

बागेत एक दगड बसवायचा आणि तो अमेरिकेतल्या त्या लोकांच्या नावानं, असं आत्याच्या मनात होतं. यावरून मात्र वस्तीत वाद झाला. माझा मॅट्रिक झालेला चुलतभाऊ उसळला. "आपल्या आज्या-पंज्याचा एक दगड नाही कुठं, आन सातासमुद्रापलीकडच्या लोकाईसाठी दगड कायले?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारबांनीच तोड काढली. "आपल्या बुढ्याईसाठी पिंपय लाव. त्याईच्यासाठी कडूलिंब लाव. दगड एकच ठेव, दोघाईचा. आन काय लिवायचं ते तूच लिव्ह."

चुलतभाऊ दोन दिवस वहीवर खाडाखोड करत बसला. शेवटी त्यानं लिहून आणलं: 'ज्यांनी दुसऱ्यांचा कापूस वेचला, त्या इथल्या आणि समुद्रापलीकडच्या माणसांच्या स्मरणार्थ.' आत्यानं ते ऐकलं आणि त्याखाली एक ओळ घालायला लावली: 'इथे कोणी कोणावर हात उचलू नये.' बाभुळगावचा पाथरवट अक्षरं कोरताना विचारू लागला, "समुद्रापलीकडं तुमचं कोन आहे बाई?"

"बहिनी," आत्या म्हणाली.

पावसाळ्यात झाडं लावली. पिंपळ दोनदा वाळला, तिसऱ्यांदा धरला. नाला आटला की वेचणीवरून परतलेल्या बायका घरात जायच्या आधी विहिरीवरून एकेक घागर आणून झाडांना घालत. मी जास्वंद आणि मोगऱ्याची रोपं आणली. माझ्या शाळेतल्या मुलींनी आळी केली.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी दगडाच्या पुढ्यात मेलेलं वासरू पडलेलं दिसलं. कुणीतरी अंधारात आणून टाकलं होतं. वस्तीतल्या तरण्या पोरांनी काठ्या उचलल्या. चुलतभाऊ सगळ्यांत पुढं. आत्या दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"तूच लिवलं ना हे? खालची ओळ वाच."

"ते तुह्यं वाक्य आहे."

"माह्यं आहे तं माह्यं. वाच."

त्यानं वाचली. मोठ्यानं वाचली. काठी खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला, पण त्यानं ठेवली.

आता वासराचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही, ही आमची शपथ. म्हातारबा म्हणाले, "गावाचं ढोर ओढनार नाही, हे खरंच. पन हे आपल्या बागेत आहे. बागेचं काम आपलंच." जिथं ते पडलं होतं तिथंच खड्डा केला, वासरू पुरलं आणि त्यावर चाफ्याची फांदी खोवली.

तेवढ्यावर मी थांबले नाही. शाळेत जाताना वाट वाकडी करून पाटलांच्या ओसरीसमोर उभी राहिले. चार माणसं बसलेली होती. "आमच्या बागेत कुणीतरी वासरू टाकलं," मी म्हणाले. "आम्ही त्यावर चाफा लावलाय. ज्याचं असेल त्यानं येऊन झाड बघून जावं." एवढं सांगून मी शाळेची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी पाटील बोरीच्या काट्यांनी भरलेली बैलगाडी घेऊन बागेशी आले. आत्याला म्हणाले, "वासरू माह्याच गोठ्यातलं होतं बाई. टाकनाराही माह्या घरचाच. मी त्याले बोललो." गड्याला घेऊन ते स्वतः कुंपण करायला लागले. दुपारी त्यांनी दगड वाचला आणि विचारलं, "हे समुद्रापलीकडचे कोन?" आत्यानं सगळं सांगितलं. पाटील काम थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "आमाले काय ठाऊक," आणि पुन्हा काटे रोवू लागले. त्यांना बोलता आलं असतं तर ते याहून जास्त काही बोलले असते, असं मला वाटतं.

म्हातारबा बासष्ट साली गेले. तोवर कडुलिंबाची सावली बसण्याजोगी झाली होती. वस्तीतली लग्नं बागेत लागू लागली. गावातल्या बायकाही वावरातून परतताना तिथं टेकू लागल्या. आधी कुंपणाबाहेर, मग आत.

अडुसष्ट साली एप्रिलमध्ये रेडिओवर बातमी आली, की अमेरिकेतल्या त्या काळ्या लोकांच्या पुढाऱ्याला गोळी घालून मारलं. मी शाळेतून थेट बागेत गेले. आत्या आधीच तिथं होती. हळूहळू सगळी वस्ती जमली. गावातलीही दहा-बारा माणसं आली. आम्ही कडुलिंबाखाली बसून राहिलो.

"त्याले बायको होती?" आत्यानं विचारलं.

"होती. लेकरंही आहेत."

"मंग तिले चिठ्ठी लिव्ह. सांग, तुमच्या नावाचं झाड इथं आहे, आन त्याले आमी पानी घालतो."

मी मराठीत लिहिलं. चुलतभाऊ तोवर यवतमाळला कॉलेजात शिकवत होता, त्यानं इंग्रजी केलं. पत्ता आम्हाला ठाऊक नव्हता. वर्तमानपत्रात सापडलेलं तिचं नाव आणि खाली देश, एवढंच पाकिटावर लिहिलं. पोस्टातल्या बाबूनं ते उलटसुलट करून पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

उत्तर आलं नाही. आत्यानं वाट पाहिल्याचंही मला आठवत नाही. पत्र टाकलं त्याच आठवड्यात नाल्याच्या पलीकडच्या पडीक जागेत आंबे लावायचे म्हणून ती बायकांना घेऊन खड्डे खणायला लागली होती.