सात पाकळ्यांची चूक

माझी सासू नूकरत्नम हिचं जग आठाशी संपायचं. एक्केचाळीस वर्षं तिनं एकच काम केलं, क्रोशाच्या सुईनं आठ पाकळ्यांचं फूल विणायचं. ना कड, ना झालर, ना जोडकाम. बसली की फूल, टेकली की फूल. आमच्या आंध्रातल्या नरसापूरच्या बाजूला घरोघरी असंच चालतं. आमच्या गल्लीत फुलं होतात, पलीकडच्या गावातल्या बायका ती जोडतात, कड आणखी कुठेतरी लागते, आणि मग धुऊन, खळ लावून माल परदेशी जातो. कुठल्या देशात आणि कशासाठी, हे विचारायला सवड कुणाला? कनकराव शनिवारी सायकलवरून दोरा आणून टाकणार, फुलांची चळत घेऊन जाणार, संपला विषय.

पण ते आठ तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की काही विचारू नका. कुलूप लावलं की आठदा ओढून बघायची. माझा नवरा वीरबाबू पहिल्याच हाकेला ओ द्यायचा, तरी उरलेल्या सात हाका मारूनच ही थांबायची, आणि तो बिचारा आठही वेळा "आलो" म्हणायचा. मी सहा इडल्या खाऊन उठले की म्हणायची, "अगं, अर्धवट कुठे उठतेस?"

मी वरंगलकडची, दगडाधोंड्यांच्या मुलखातली. लग्न झालं त्याच आठवड्यात अत्तम्मानं, सासूला आम्ही अत्तम्मा म्हणतो, माझ्या हातात सुई दिली. मी साखळी घातली, खांब घातले आणि फूल झालं सात पाकळ्यांचं. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा सातच. तिसऱ्यांदाही तेच. तिनं सुई काढून घेतली. "हिच्या हाताला हिशेबच नाही. जा बाई, चुलीपाशी बस." नऊ वर्षं मी चुलीपाशीच बसले.

मागच्या संक्रांतीला शेजारच्या मंगतायारूसमोर तिनं माझ्या गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीला "काढा" म्हटलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! दुपारी ती आडवी झाल्यावर मी तिच्याच सुईनं, तिच्याच दोऱ्यानं एक फूल विणलं आणि तिच्या चळतीत मधोमध खुपसून दिलं. कशासाठी म्हणाल, तर उगाच. रागाला काय मुहूर्त लागतो? शनिवारी ते गेलं आणि मी विसरूनही गेले.

आठ महिन्यांनी कनकराव भर बुधवारी रिक्षातून आला. मांडीवर एक बोचकं आणि तोंड एवढंसं. "सगळ्या फूलवाल्या माझ्या अंगणात या, आत्ताच्या आत्ता!" चौदा बायका जमल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गंमत बघायला मीही गेले. त्यानं दोन माडांमध्ये काथ्याची दोरी बांधली आणि बोचक्यातलं कापड त्यावर टाकलं.

पांढरंशुभ्र, माणसाहून उंच, आणि नुसती फुलंच फुलं. त्यांच्या मधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. चौदांपैकी एकीनंही पुरं झालेलं कापड जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे काय असतं?" अत्तम्मानं विचारलं.

"टेबलावर घालायचं कापड. यावर ताटं मांडून जेवतात."

"यावर जेवतात?" मंगतायारू किंचाळली. "आणि माशाच्या पुलुसुचा आंबट रस्सा सांडला म्हणजे?"

"पुलुसु गेला खड्ड्यात! हे बघा." त्यानं एका कोपऱ्यात लावलेली लाल चिकटपट्टी दाखवली. "तिकडच्या बाईनं पाहुणे जेवायला बसलेले असताना पाकळ्या मोजल्या. तीनशे साठ फुलांत एक निघालं सात पाकळ्यांचं. माल परत! माझं नाक कापलं गेलं. बोला, कुणाचं आहे हे?"

मी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

बायका तर तुटूनच पडल्या. मंगतायारू म्हणाली, "माझ्या सात पिढ्यांत कुणी सात पाकळ्या केल्या नाहीत!" दीनम्मानं येशूची शपथ घेतली. सगळ्यांत मोठा आवाज अत्तम्माचा. "एक्केचाळीस वर्षं झाली, कनकराव! माझ्या हातून चूक होईल? गोदावरी उलटी वाहील एक वेळ!"

कुणीच कबूल होईना, तेव्हा कनकरावानं डोकं चालवलं. "ठीक आहे. दोरा मी कुणाचाच बंद करत नाही. पण जिची चूक असेल तिनं हे कापड घरी न्यायचं आणि डोळ्यांसमोर ठेवायचं. रोज बघायचं. जरा लाज वाटू दे!"

चौदाही जणींच्या नजरा पुन्हा त्या कापडावर गेल्या.

मग मंगतायारूनं घसा खाकरला. "आता नीट बघितल्यावर... माझंच वाटतंय हो ते."

"तुझं कसं? त्या आठवड्यात मला ताप होता. माझंच ते," दीनम्मा म्हणाली.

"अय्यो, तुमची सुई कुठे एवढी बारीक?" तिसरी ओरडली. मघाशी देवाच्या शपथा घालणाऱ्या बाया आता चुकीसाठी एकमेकींना ढकलायला लागल्या. अत्तम्मा कोपरं मारत पुढे घुसली. "सरका! माझं आहे ते. म्हातारी झाले मी, मला दिसत नाही, आंधळी आहे मी!"

"काल तर दिव्याशिवाय सुईत दोरा ओवलास," दीनम्मानं टोमणा मारला.

"कालची गोष्ट वेगळी!"

कनकरावानं डोक्याला हात लावला. "बसा सगळ्या. विणून दाखवा. जिच्या हातून असलं फूल उतरेल, तिचं कापड."

चौदा जणी फतकल मारून बसल्या आणि एवढं जीव तोडून चुकायला लागल्या की बघत राहावं. पण हात ऐकतील तर शपथ! सगळ्यांच्या आठच्या आठ. मंगतायारू सातावर मुद्दाम थांबली, तर पडलेल्या दातासारखी फट राहिली. त्या लाल पट्टीजवळच्या फुलात तशी फट नव्हती, सातही पाकळ्या ऐसपैस बसल्या होत्या. अत्तम्मानं तीनदा विणलं, तीनदा उसवलं. तिसऱ्यांदा आठवी पाकळी उमटली तशी तिनं स्वतःच्याच हातावर फाडकन चापट मारली आणि ढसाढसा रडायला लागली. चौदाही जणी निर्दोष सुटल्या होत्या आणि सगळ्यांचे चेहरे मयताच्या घरातल्यासारखे झाले होते.

मी गप्प बसणार होते. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? तिच्या चळतीत मी घाण केली हे कळलं असतं तर तिनं मला जन्मभर सोलून काढलं असतं. पण तिनं कापडाचं टोक मुठीत धरलं होतं आणि तिला ते सोडवतच नव्हतं. मला बघवेना. मी तिच्या हातातली सुई घेतली, बसले आणि विणलं.

कनकरावानं ते त्या फुलाशेजारी धरलं. हुबेहूब. "पण हिला तर मी दोराच देत नाही!"

अत्तम्मा माझ्याकडे वळली. "माझ्या चळतीत घातलंस?"

"हो."

"का गं?"

"गोंगुऱ्यामुळे."

मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "बघत काय बसलीस? उचल ते कापड."

घरात टेबल नाही. खाटेवर घातलं तर निम्मं जमिनीवर लोळलं. शेवटी माजघरात जमिनीवरच पसरलं. वीरबाबूला भिंतीला पाठ घासत पलीकडे जावं लागलं. अत्तम्मा गुडघ्यांवर बसली आणि लाल पट्टीपाशी बोट ठेवून म्हणाली, "ही तू." मग ती रांगत रांगत निघाली. एकेका फुलावर वाकायची, नाक टेकवून बघायची, पुढे सरकायची. दिवेलागण झाली तरी उठेना.

"काय शोधताय, अत्तम्मा?"

"माझं कुठलं ते."

मीही वाकून पाहिलं. सगळी एकासारखी एक. "अहो, सगळीच तुमच्यासारखी आहेत."

"तेच तर म्हणतेय मी!" ती माझ्यावर खेकसली. "एवढ्या सगळ्यांत ओळखू येतेस ती तू एकटी. नालायक!" आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी गोंगुऱ्याची चटणी मुकाट्यानं कोंबड्यांना घातली.

सकाळी ती सुई घेऊन माझ्यासमोर बसली. "शिकव."

"काय?"

"तू कसं चुकतेस ते. किती मोजतेस?"

"मी मोजतच नाही."

"मोजत नाही!" तिनं असं पाहिलं जणू मी सांगितलं की मी श्वास घेत नाही. तिनं प्रयत्न केला, पण ओठ आपोआप हलायचे. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. मग मनात मोजायला लागली. म्हणून मी तिला माझ्या माहेरच्या लग्नातली भांडणं सांगत बसले, कुणी कुणाचं मुंडासं फेकलं ते. ती गूळ चघळत ऐकत होती, मधेच "मेला!" म्हणत होती आणि हात चालत होते. चौथ्या दिवशी फूल खाली ठेवलं. मी मोजल्या. नऊ.

तिनं ते फूल चळतीत सरकवलं, तेही वरून दुसऱ्याच जागी.

शनिवारी कनकराव आला. आता तो दारातच बसून एकेक फूल मोजत होता. दुसऱ्याच फुलाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं पुन्हा मोजलं आणि ते उंच धरलं. "नूकरत्नम गारू! हे काय? कुणाचं आहे हे?"

अत्तम्मा उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझं."