बर्फातली क्लिप आणि बडबडे सर

मी भूल देणारा डॉक्टर. पेशंट झोपला की मला काही काम नसतं, असं आमच्या सरांचं मत आहे. ते साफ खोटं आहे, पण कान मात्र मोकळे राहतात. त्यात इतकं साठलंय की आता कुणाच्या तरी गळ्यात घालायलाच हवं.

सर म्हणजे आमचे मणक्याचे सर्जन. हात सोन्याचा, तोंडाला मात्र विश्रांती नाही. आणि मंदाताई म्हणजे थिएटरच्या सिस्टर. त्यांना सरसुद्धा टरकून असत.

*

तेव्हा मानेच्या मणक्यांसाठी एक नवीन धातूची क्लिप आली होती. बर्फाच्या पाण्यात ती मऊ पडते. मग तिचे पाय फाकवायचे आणि हाडात बसवायची. ऊब लागली की तिला आपला मूळचा आकार आठवतो, पाय आवळले जातात आणि दोन मणके घट्ट धरले जातात.

पहिल्याच दिवशी सरांनी ती बर्फातून उचलली, पाय फाकवले आणि ते विद्यार्थ्यांना समजावू लागले. धातूचा इतिहास, परदेशातली परिषद, तिथलं बेचव जेवण. जेवणापर्यंत येईतो क्लिप त्यांच्या हातातच मिटली.

"क्लिपला समजलं, सर," मंदाताई म्हणाल्या. "मुलांचं काही सांगता येत नाही."

क्लिप परत बर्फात गेली. सर बोलतच राहिले.

*

एका उन्हाळ्यात ऑपरेशनच्या आधी फ्रीजरमधला बर्फच गायब. शोधाशोध झाली. सर खोलीत कोकम सरबत पीत बसले होते, ग्लासात बर्फ.

"सावकाश होऊ द्या," मंदाताई म्हणाल्या. "पेशंटला सांगते, सरांना उकडतंय."

*

अण्णा हडपसरचे शिंपी. मानेत नस दबून बोटं बधिर झालेली. सुईत दोरा जाईना, गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायची भीती वाटायची. सरांनी ओपीडीत एक जुनी क्लिप गार करून फाकवली आणि थेट अण्णांच्या चहात टाकली. क्लिप मिटली. अण्णांचा चहा गेला.

त्यांची बायको म्हणाली, "तिला समदं आठवतंय, तर यांच्या डोस्क्यात बी एक बसवा की. सांगितलेली भाजी कधी आठवत नाय."

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. "सुई धरता यील का, तेवढंच सांगा."

"मान सांभाळीन," सर म्हणाले. "बोटांचा शब्द देत नाही."

सरांचं एवढं छोटं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

*

अण्णांच्या ऑपरेशनला क्लिप नीट बसली, पण मिटेना. आमचा एसी काश्मीरला लाजवणारा. सर एकदम गप्प झाले, आणि मी मॉनिटरवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मंदाताईंनी क्लिपवर कोमट सलाईन सोडलं. क्लिपने हळूहळू पाय आवळले.

"हां, तर मी काय सांगत होतो," सर म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

*

काही महिन्यांनी अण्णा तपासणीला आले. सर विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभे राहून, हातवारे करत, अण्णांची बोटं किती सुधारली ते सांगत होते. अण्णांना न विचारता.

अण्णांचं लक्ष सरांच्या कोटाकडे होतं. एक बटण लोंबत होतं. त्यांनी कॉलरला टोचलेली सुई काढली, खिशातल्या रिळाचा दोरा ओठांत ओला केला, उजेडाकडे धरला आणि पहिल्या झटक्यात ओवला. मग सरांचा कोट पुढे ओढला.

"आता गप ऱ्हावा, डॉक्टर. बोलला की पोट हलतंय, टाका चुकंल."

सर गप्प उभे राहिले. पार शेवटची गाठ बसेपर्यंत.

मंदाताई दारात थबकल्या होत्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "आणखी दोन-चार बटणं तोडून देऊ का?"