हरण्यापुरती हॉकी

तुला कोणता खेळ आवडतो, असं खेळ शिकवणाऱ्या ताकसांडे सरांनी कुठल्याही मुला-मुलीला कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "नववीत किती टक्के होते?" शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात ते दहावीच्या वर्गाच्या दाराशी वही घेऊन उभे राहत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न. नव्वदच्या वर असला तर म्हणत, "जा बाप्पा, तू अभ्यासच कर." पन्नासच्या खाली असला तर कबड्डी, कारण "याले तसंही जिंदगीभर धरपकडच करा लागणार हाये." आणि मधला, पन्नास ते नव्वदमधला जो असेल, त्याच्या नावापुढे सर हॉकी लिहून टाकत.

वणीच्या आमच्या शाळेत मी वीस वर्षं गणित शिकवते आहे. टक्केवारीचा असा उपयोग कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मी स्टाफरूममध्ये यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायचे. सर चिडत नसत. बुटका, पोट सुटलेला माणूस, गळ्यात कायम शिट्टी. ती ते क्वचितच वाजवत, कारण "फुंकली का दम लागते मॅडम." विद्यापीठाच्या हॉकी संघात ते म्हणे राखीव गोलकीपर होते. चार स्पर्धांना गेले आणि एकाही सामन्यात उतरले नाहीत. "म्या हॉकी खेळलो कमी, पाह्यली लय," ते सांगत, "बाकावरून जेवढी हॉकी दिसते ना, तेवढी मैदानातल्याले दिसत नाही."

त्यांचा हिशेब सरळ होता. संघ विभागीय स्पर्धेला गेला की दहावीत वाढीव गुण मिळतात. विभागाला जायचं तर आधी जिल्हा जिंकायचा. "कबड्डीत गल्लीगल्लीत टीमा हायेत. तिथं जिंकाले खेळा लागते. हॉकीत हजर राह्यलं का झालं." कारण जिल्ह्यात मुलींच्या हॉकीचा संघ एकच होता, आमचा. आमच्या मुली यवतमाळला जात, मैदानावर ओळीत उभ्या राहत, फोटो काढत आणि जिल्हा अजिंक्य होऊन परत येत. मग अमरावतीला विभागीय स्पर्धा. तिथे किती गोल खाल्ले हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने 'विभागीय पातळीवर चमकदार सहभाग' असं लिहिलेलं असे.

पालकसभेत दरवर्षी कोणीतरी उठून विचारी, "सर, असल्या खालच्या पातळीच्या हॉकीत पोरीनं वर्ष घालवायचं, तर पुढं काय हाये त्यात?" सर शांतपणे म्हणत, "पुढं काही नाही. म्हणूनच तर गर्दी नाही." पालक खूश होऊन खाली बसत.

मग माझी श्रुती दहावीत आली आणि माझी थट्टा आपोआप बंद पडली. तिला नववीत चौऱ्याहत्तर टक्के होते. मी मधल्या सुट्टीत सरांना गाठलं आणि उगाच शाळेच्या पंख्यांबद्दल वगैरे बोलत बसले. सरांनी ओळखलं. "चौऱ्याहत्तर ना? बसते बरोबर हॉकीत. तिचे गुण माह्याकडे लागले मॅडम, तुम्ही निवांत राहा." मी नागपूरहून चांगली महागाची काठी आणली. श्रुती ती क्रिकेटच्या बॅटसारखी धरायची. सर म्हणाले, "चालते. फोटोत दोन्ही सारखंच दिसते."

पण त्या वर्षी जिल्ह्याला क्रीडा विभागात नवे साहेब आले आणि त्यांनी नको ते वाचलं, म्हणजे नियमावली. एकच संघ असेल तर स्पर्धा झाली असं मानता येणार नाही, निदान दुसरा संघ हवा, आणि सामना झाला पाहिजे. सर दोन दिवस जेवले नाहीत. मग फटफटी काढून शाळाशाळांतून प्रतिस्पर्धी मागत हिंडले. वरासाठी हिंडणारे बाप मी पाहिले आहेत, हरणारा संघ मागत हिंडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. कोणी उभं करेना. शेवटी झरी जामणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक तयार झाले. त्यांनी एवढंच विचारलं, "काठ्या कोण देईन, अन् शिकवन कोण?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ताकसांडे सर. शाळेच्या जुन्या, टवके उडालेल्या काठ्या दोरीने फटफटीला बांधून ते दर शनिवारी दुपारी तिकडे जाऊ लागले. जंगलातला तासाभराचा रस्ता. मी काळजीने विचारलं, "सर, आपल्याच विरुद्धच्या संघाला तुम्ही शिकवणार?" ते म्हणाले, "हरण्यापुरती हॉकी शिकवून राह्यलो मॅडम. काठी धरता आली, बॉल कोणता ते समजलं, बस." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीही पटलं असतं.

पहिले दोन सोमवार सर नेहमीसारखे होते. तिसऱ्या सोमवारी स्टाफरूममध्ये चहा पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, चूक झाली. परवा त्या पोट्ट्यायले बॉल काठीला चिकटवून पळवाचं शिकवलं."

"काहून पण?" आमच्याकडे चिडलं की माझीही प्रमाण मराठी गळून पडते.

"एका पोट्टीनं विचारलं. पार्वती टेकाम. म्हणे, सर, हा बॉल मी माह्यापाशीच ठेवला तर चालते का? आता पोरगी विचारून राह्यली तर काय सांगू, नाही चालत?"

ती मुलगी कोलाम पोडावरची, म्हणजे जंगलातल्या कोलामांच्या वस्तीवरची होती, श्रुतीच्याच वयाची. आश्रमशाळेमागचं मैदान म्हणजे मुरूम आणि गोटे. चेंडू कुठे उसळेल ते देवाला ठाऊक. त्यामुळे तिथे ज्याला चेंडू अडवता आला त्याला तो कुठेही अडवता येईल, असं सर सांगू लागले. पुढच्या सोमवारी आणखी एक चूक झाली, पास शिकवला. त्याच्या पुढच्या सोमवारी कोपऱ्यातून मारायचा फटका. प्रत्येक वेळी चेहरा दोषी माणसाचा, पण आवाजात असा आनंद की विचारू नका. मैदानावर आमच्या मुलींना मात्र ते रोज फोटोसाठी ओळीत उभं राहायलाच शिकवत होते.

सामना यवतमाळला झाला. आम्ही पालक गाड्या करून गेलो होतो, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जिल्हा विजेत्या कन्यांचे अभिनंदन' हा मजकूर आदल्या दिवशीच तयार होता. आश्रमशाळेच्या मुली एसटीने आल्या. सगळ्यांचे सदरे पांढरे, पाठीवर स्केचपेनने काढलेले आकडे. चार-पाच जणींच्या पायात बूट नव्हते.

सामन्याचं काय सांगू? आमच्या मुली सुरेख ओळीत उभ्या होत्या आणि पार्वती त्या ओळीतून बाजारातून गेल्यासारखी जात होती. तिने तीन गोल केले, चौथा दुसरीने. सर मधल्या रेषेवर उभे. आधी गप्प होते, मग त्यांना राहवलं नाही. "पार्वते, डाव्या अंगाले पाह्य, डाव्या!" असं ते ओरडले आणि सगळ्या पालकांनी ऐकलं. चार-शून्य. श्रुतीच्या गुणांचं काय, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता, आणि हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

पालकांनी सरांना घेरलं. त्यात एकजण कोळशाच्या ट्रकांचे ठेकेदार होते, त्यांना नियम काढता येत होते. खेळाडूच्या नडगीवर संरक्षक पट्टी हवी, त्या मुलींच्या पायावर नव्हती. पाठीवरचे आकडे छापील हवेत. अर्ध्या तासाच्या आत प्रशिक्षकाच्या सहीने आक्षेप दिला तर निकाल फिरतो. अर्ज कोणी लिहायचा? अक्षर माझं चांगलं. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मुद्देसूद अर्ज लिहिला. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा. गणिताची बाई आहे मी.

सरांनी तो दोनदा वाचला. "लय बेस लिहला मॅडम. पण हे आकडे तर म्याच काढले होते, शनिवारी बसून."

"सर," मी म्हणाले, "तुम्ही मला शब्द दिला होता. श्रुतीचे गुण माझ्याकडे लागले म्हणाला होतात."

ते मग म्हणाले, "हो, देल्ला होता." कागद घडी करून खिशात घातला, माझा पेन घेतला. "तोंडावर पाणी मारून येतो. आलो का सही करतो." आणि मैदानामागच्या संडासाकडे गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठेकेदार शोधायला गेले आणि रुमाल नाकाला लावून परत आले. सरांना म्हणे जुलाब लागलेत. पंधरा, वीस, पंचवीस. नव्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आश्रमशाळेच्या नावाने पत्र तयार केलं. त्यानंतर सर आले, केस ओले, मान खाली. "पोट बिघडलं मॅडम," एवढंच बोलले. पेन मला परत दिला. मी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पुढचं झटपट झालं. संस्थेच्या बैठकीत शाळेतली हॉकी बंद करण्यात आली आणि सरांना पोषण आहाराच्या खिचडीवर देखरेखीला बसवलं. ते तांदूळ निवडणाऱ्या बायांशेजारी स्टूल टाकून बसत, गळ्यात शिट्टी तशीच. श्रुतीला वाढीव गुणांवाचून शहात्तर टक्के पडले आणि ज्या कॉलेजसाठी मी जीव टाकत होते तिथे तिला प्रवेश मिळाला. तिथे जागा रिकाम्या होत्या, मागेल त्याला देत होते.

आश्रमशाळेच्या मुली अमरावतीला पहिल्याच सामन्यात नऊ-शून्यने हरल्या. हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये ज्यांना बरं वाटलं त्यात मी होते. आठवड्याने पार्वती काठ्या परत करायला एसटीने वणीला आली. सरांसमोर काठ्यांचा भारा ठेवून म्हणाली, "नऊ गोल खाल्ले सर. बाप म्हणते, आता हे सोड, बारावीनंतर नर्सिंगले जा."

"बराबर म्हणते. नर्सिंगले जा," सर म्हणाले.

मला वाटलं, चला, अक्कल आली. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "अन् शनिवारी मैदानात ये."

"पण सर, फायदा काय त्याचा?"

"फायद्याची हॉकी म्या पंधरा वर्षं शिकवली बाई. त्यातल्या एकाही पोट्टीच्या हातात आज काठी नाही. तू हे काठ्या घेऊन जा परत."

ती घेऊन गेली. शाळेची मालमत्ता अशी कोणालाही देता येत नाही, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही सर दर शनिवारी तिकडे जात राहिले. दरवर्षी कुठूनतरी दुसरा संघही त्यांनीच उभा केला, त्याला हरवून हा संघ पुन्हा दोनदा विभागाला गेला आणि दोन्ही वेळा हरला, एकदा पाच गोलांनी, एकदा दोन.

या हिवाळ्यात सर गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि संपलं. पुण्यानुमोदनाला आम्ही दोघी गेलो, श्रुती कॉलेजला सुट्टी टाकून नागपूरहून आली होती. मांडवात बुद्धवंदना चालू होती. पार्वती यवतमाळहून आली होती, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आता. तिच्यासोबत आश्रमशाळेच्या सात-आठ मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात लहान मुलगी मोठ्याने रडत होती. श्रुती उठून त्यांच्यात जाऊन बसली.

घरी येताना मी म्हणाले, "माणूस लाखातला होता, पण भित्रा. तोंडावर नाही म्हणायचं धाडस नव्हतं. त्या दिवशी संडासात लपून बसले बिचारे."

श्रुती चालता चालता थांबली. "सर लपले नव्हते आई. ते सही करायलाच येत होते. मी बाहेरून कडी लावली."

मला आधी कळलंच नाही. "काय बोलतेस तू? जुलाब..."

"ठेकेदारकाकांना ते मीच सांगितलं. आम्ही हरलो होतो, आई, आम्हाला हॉकी येतच नव्हती. आणि तू गाडीवर अर्ज लिहीत होतीस. ते पाहून मला कसंतरी झालं."

मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर टेकले.

"मी तिथेच दाराशी उभी होते," ती म्हणाली. "म्हटलं, आता सर दार ठोकतील, ओरडतील, कोणीतरी येईल. सरांनी एकदाही दार वाजवलं नाही. शेवटी मी कडी काढायला हात लावला तर आतून विचारलं, 'झाला का अर्धा घंटा?' मी हो म्हटलं. मग बाहेर आले."