चुन्याची रेघ आणि चाळीस गोण्या

कार्तिकातल्या पौर्णिमेला सकाळी अकराच्या सुमारास समुद्राचं पाणी आमच्या सिमेंटच्या गोण्यांवर आलं. गोण्या चाळीस होत्या. सगळ्या भिजल्या.

काम कोकणाच्या दक्षिण किनाऱ्यावर होतं. मच्छीमारांच्या होड्या लागाव्यात म्हणून एक धक्का बांधला जात होता आणि त्याच्या खांबांसाठी खड्डे खोदायचे होते. आम्ही बारा मजूर. अकरा जण बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले, बापजाद्यांपासून विहिरी खोदणारे. बारावा मी. तालुक्याच्या बातम्या पाठवण्याचं माझं काम त्या वर्षी बंद झालं होतं.

रस्ता डोंगराच्या माथ्यावर संपत होता. तिथून खाली पाऊण तासाची पायवाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. पहाटे आमच्या पत्र्याच्या शेडमागे कोल्हे खेकडे शोधत यायचे. शेजार एकच होता: एक म्हातारा मच्छीमार आणि त्याची होडी.

आमचे मुकादम साठीला आलेले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नव्या विहिरीवर गेलं की त्यांची एक रीत होती. दोन-तीन दिवस पाणी बघायचं, ते जिथवर चढतं तिथं चुन्याची रेघ मारायची आणि सामान रेघेच्या हातभर वर ठेवायचं. समुद्रालाही त्यांनी तोच नियम लावला. आम्ही अष्टमीला पोचलो होतो. दशमीपर्यंत पाणी चढून जवळपास एकाच जागी थांबत होतं. मामांनी खडकावर रेघ मारली, गोण्या वर रचल्या. भरती चंद्राबरोबर वाढत जाते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मोताळ्यात एकदा उतरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत वर येत नाही.

गोण्या भिजल्यावर मच्छीमाराला विचारलं, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "चुन्याची रेघ बघितलंय. आमका वाटला, तुमची कायतरी पूजा आसा."

दुपारी ठेकेदाराचा इंजिनियर आला. वय तिशीच्या आत. त्याने गोण्या पाहिल्या आणि सांगितलं, सगळ्यांनी सामान बांधायचं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली नाही, आवाजही वाढवला नाही.

"चूक माही हाये साहेब, पोरायची नाही. मले एक आवस द्या. शेवटच्या खांबाचा खड्डा काळ्या खडकाले नाही लावला, तं आमी सोताच गाडीत बसतो."

शेवटच्या खांबाची जागा समुद्रात सगळ्यात आत होती. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आगेमागे तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ दीड-दोन तास ती उघडी पडायची. आधीच्या दोन टोळ्या तिथं हरल्या होत्या. जेवढं खोदावं तेवढं पुढच्या भरतीत वाळूने बुजायचं. इंजिनियरने अमावास्येपर्यंत मुदत दिली आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी आमच्यासमोर फोनवरून सांगून ठेवली.

"मामा, गाडीत खिडकीजवळची जागा माही," टोळीतला एक जण म्हणाला.

"तुले टपावर बसवतो बे," मामा म्हणाले. "आधी त्या गोण्या पाहून ये."

गोण्या तिसऱ्या दिवशी दगड झाल्या होत्या. कागद फाडला तर आत गोणीच्याच आकाराचा एकसंध ठोकळा. मामा त्यांच्याभोवती दोनदा फिरले, एकीवर बसले आणि तंबाखू मळत म्हणाले, "विहिरीले कडं कायचं राह्यते? घडीव दगडाचं. समुद्रानं फुकटात घडवून देल्ले."

ठोकळे पहारीने लोटत, दोघा-दोघांनी उचलत आम्ही खालच्या जागेवर नेले. मामांनी विहिरीचं कडं बांधतात तसं खड्ड्याच्या तोंडाभोवती वर्तुळ रचलं. प्रत्येक थर खालच्याच्या सांध्यावर. फटींत चिकणमाती आणि काथ्या. ओळंबा त्यांनी एकदाच धरला. पुढचे थर नुसत्या नजरेने लावले आणि मी नंतर दोरी लावून पाहिलं तेव्हा फरक बोटाइतकाही नव्हता.

मधले दिवस ती जागा पाण्याखाली राहिली. अमावास्येच्या तीन दिवस आधी ती पुन्हा उघडी पडली. कडं जागेवर होतं. आत वाळू होती, पण घोट्याएवढीच.

आधीच्या टोळ्या खड्ड्यातलं सगळं पाणी उपसत बसायच्या. मामांनी आधी तळाच्या एका कडेला अजून खोल, घागर बुडेल एवढा लहान खड्डा करवला आणि पंपाचा पाइप त्यात सोडला. चोहीकडून झिरपणारं पाणी तिथं जमायचं. उरलेल्या जागेत माणसं कोरड्या पायांनी घण चालवायची. कुणी घाई केली की मामा वरून ओरडायचे, "काऊन पळून राह्यला? भरती तुह्या मागं नाही, पंचांगात हाये."

अमावास्येच्या संध्याकाळी इंजिनियर उतरून आला. खड्डा दोन पुरुष खोल गेला होता. तळ ओला, काळपट. त्याने विचारलं, "मुकादम, हा खडकच आहे कशावरून? जांभाही ओला झाला की असाच दिसतो."

मामांनी पहार त्याच्या हातात दिली आणि शिडी दाखवली. इंजिनियर बूट काढून खाली उतरला. आधी बाजूच्या जांभ्यावर पहार मारली. आवाज भद्द आला. मग तळावर मारली. टणकन वाजली आणि पहार हातातून उडाली. त्याने ती उचलून आणखी चार ठिकाणी मारली. चारही वेळा तोच आवाज.

"आता आयकू आलं?" मामांनी वरून विचारलं.

"हो मामा," इंजिनियर म्हणाला. त्याआधी तो त्यांना मुकादम म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ठरलेली गाडी डोंगराच्या माथ्यावर आली. आम्ही बाराही जण वर गेलो. गाडीत सिमेंटच्या चाळीस गोण्या होत्या. त्या आम्ही उतरवल्या. कुठं ठेवायच्या, हे मामांनी मच्छीमाराला विचारून आधीच ठरवलं होतं. गाडी दहाच्या आत रिकामी परत गेली.